परत काढता येतो म्हणून

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सांगलीहून साताऱ्याला आली होती. दुपारची जेवणे उरकल्यावर ती ओट्यापाशी उभी राहून भांडी विसळू लागली आणि मागे वळून न पाहताच म्हणाली, "मावशी, मला तुझ्यासारखा बँड बसवून घ्यायचा आहे." ती एकतीस वर्षांची आहे आणि बँकेत नोकरी करते. तिची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो आहे. रक्तातली साखर दोन वर्षांपासून मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे आणि पाळीच्या तक्रारी कॉलेजात असल्यापासून आहेत. पुण्यातल्या एका शल्यचिकित्सकांनी तिला स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा जाणार, या कल्पनेने ती घाबरली आणि त्या भीतीपोटी दुसरा मार्ग शोधत शोधत बँडपर्यंत, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराभोवती बसवतात त्या कड्यापर्यंत पोहोचली. "त्यात काही कापत नाहीत, आणि नकोसा झाला तर परत काढता येतो," असे ती म्हणाली.

माझ्या पोटात तो बँड जानेवारी २००९ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत होता. "परत काढता येतो" हे वाक्य मीही २००८ सालच्या दिवाळीत माझ्या सासूबाईंना अगदी याच सुरात ऐकवले होते. ते वाक्य खोटे नाही, पण ते अपुरे आहे, आणि उरलेले अर्धे वाक्य मला पुढच्या आठ वर्षांत हळूहळू कळत गेले. त्या दुपारी मी तिला फारसे काही बोलले नाही. नंतरच्या चार आठवड्यांत फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगितले, ते इथे सलग लिहीत आहे, कारण कोणाच्या तरी ओळखीने नंबर मिळवून मला हेच विचारणारी माणसे वर्षातून पाच-सहा तरी असतात. मी डॉक्टर नाही, हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा आहे. तो घेण्याआधी काय विचारावे आणि कशाची तयारी ठेवावी, एवढेच मी सांगू शकते.

बँड म्हणजे सिलिकॉनचे एक कडे असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते जठराच्या वरच्या टोकाशी, अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्याच्या थोडे खाली, बांगडीसारखे बसवतात. त्याच्या वर जठराची जी लहानशी पिशवी तयार होते, ती औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मोजमापाच्या दोन टोपणांत मावेल एवढी, म्हणजे १५ ते ३० मिलिलिटरची असते. कड्याच्या आतल्या बाजूला एक फुगवता येणारी नळी असते. तिला जोडलेली दुसरी बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या रुपयाएवढ्या पोर्टपर्यंत येते. त्या पोर्टमध्ये कातडीवरून खास सुई टोचून सलाइन भरले की कडे आवळते, काढून घेतले की सैल होते. याला आम्ही रुग्ण "बँड भरून घेणे" म्हणत असू. असा फुगवता येणारा सिलिकॉनचा बँड डॉ. ल्युबोमिर कुझमॅक यांनी १९८६ साली अमेरिकेत वापरात आणला, १९९३ मध्ये बेल्जियममध्ये डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी तो प्रथम दुर्बिणीद्वारे बसवला, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. मी शस्त्रक्रिया करून घेतली त्या काळात बँड हा जगभर चलतीचा पर्याय होता. आज तो मागे पडला आहे, आणि आपल्याकडेही वजनासाठी शस्त्रक्रिया करणारे बहुतेक सर्जन स्लीव्ह किंवा बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रियाच सुचवतात. भाचीला मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की एखादी पद्धत जगभरच्या सर्जनांनी बाजूला ठेवली असेल, तर ती का ठेवली हे विचारल्याशिवाय तिच्याकडे जाऊ नये.

बँडची एक बाजू मात्र खरोखर चांगली आहे आणि ती सांगितली नाही तर मी अन्याय करीन. या शस्त्रक्रियेत जठर किंवा आतडे कापत नाहीत, अन्नाचा मार्ग बदलत नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळचा धोका कमी असतो. जीवनसत्त्वे शोषून घेण्याची आतड्याची क्षमता बायपासमध्ये कमी होते, तशी ती इथे होत नाही. गरोदरपणात उलट्या होऊ लागल्या किंवा आहार वाढवायची गरज पडली, तर बँड सैल करता येतो, आणि मुलाबाळांचा विचार करणाऱ्या स्त्रीला हे मोलाचे वाटले तर त्यात नवल नाही. याच ओघात भाचीला हेही सांगितले, की वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता अचानक वाढते. अशी कोणतीही शस्त्रक्रिया झाल्यावर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असे डॉक्टर सांगतात, तेव्हा लग्न आणि शस्त्रक्रिया दोन्ही एकाच वर्षात ठरत असतील तर गर्भनिरोधनाविषयी आधीच बोलून घ्यावे. आमच्या घरांमध्ये हा विषय आई मुलीशी काढत नाही, म्हणून मावशीने काढला.

आता "काढता येतो" याविषयी. परक्या वस्तूभोवती शरीर हळूहळू चिवट वेष्टन तयार करते. माझा बँड काढायला गेले तेव्हा तो त्या वेष्टनात आणि यकृताच्या कडेला चिकटलेला होता. जी शस्त्रक्रिया बसवताना तासाभरात झाली होती, तिला काढताना जवळजवळ तीन तास लागले. वजनासाठीची दुसरी शस्त्रक्रिया लगेच त्याच वेळी करणे सुरक्षित नाही, ऊती सावरायला काही महिने जाऊ द्यावे लागतील, असे सर्जननी सांगितले. त्या काळात भूक परत आली, आणि ती भूक एखाद्या उपाशी माणसाची होती. चौदा महिन्यांत माझे वजन १८ किलोंनी वाढले. शेवटी २०१८ मध्ये मला बायपास करून घ्यावी लागली, म्हणजे जे कापणे टाळण्यासाठी मी बँड निवडला होता, ते नऊ वर्षांनी, अधिक अवघड झालेल्या पोटावर करावे लागले. बँड निघाला, पण माझे जठर २००८ सालचे राहिले नव्हते.

माझी गोष्ट अपवादाची असेल असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. ब्रुसेल्समधल्या एका शल्यचिकित्सा केंद्राने आपल्या जुन्या रुग्णांचा बारा आणि त्याहून अधिक वर्षांनंतरचा आढावा २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात पाहता आलेल्या ८२ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे बँड काढावे लागले होते आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांमध्ये बँड जठराच्या भिंतीत रुतून आत शिरला होता. याच्या शेजारी मेलबर्नच्या डॉ. पॉल ओब्रायन यांच्या गटाचा २०१३ चा अहवाल ठेवावा. तिथे पंधरा वर्षांनंतरही रुग्णांनी जादा वजनापैकी सरासरी ४७ टक्के वजन कमी राखले होते, अर्थात पुष्कळांना मधल्या काळात दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली होतीच. जादा वजन म्हणजे योग्य वजनाच्या वर असलेले वजन. माझी उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो होते. माझे जादा वजन धरले ५० किलो, तर त्याचे ४७ टक्के म्हणजे साडेतेवीस किलो. उत्तम केंद्रात, उत्तम देखरेखीखाली, सरासरी यश मिळाले असते तर मी ८८ किलोंवर स्थिरावले असते. शस्त्रक्रियेआधी हे गणित मला कोणी कागदावर करून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही. मी मनात ६० किलोंचे चित्र घेऊन टेबलावर गेले. तुम्ही हे गणित आधी करा. ८८ किलोंचे आयुष्य, ज्यात गुडघे दुखणे कमी होते, रक्तदाबाची एक गोळी सुटते आणि वर्गात दोन तास उभे राहता येते, ते तुम्हाला पुरेसे आनंदाचे वाटते का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. मला ते वाटले असते. साठची वाट पाहत बसल्यामुळे ८१ वर पोहोचल्याचा आनंदसुद्धा मी नीट घेऊ शकले नाही.

या दोन अहवालांमध्ये एवढा फरक का, याविषयी माझे स्वतःचे मत आहे आणि ते मी अनुभवाच्या जोरावर मांडते. बँड बसवून काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. पहिले सहा आठवडे तो बहुधा रिकामाच ठेवतात. मग थोडे भरतात, महिनाभर पाहतात, पुन्हा थोडे भरतात. योग्य आवळ म्हणजे थोडेसे खाऊन तीन-चार तास भूक लागत नाही आणि घासही अडकत नाही, अशी स्थिती. ती सापडायला माझ्या बाबतीत पहिल्या वर्षात सहा खेपा लागल्या. प्रत्येक खेपेला मी पहाटेच्या एसटीने स्वारगेटला जात असे, पोर्टमध्ये सुई टोचून घेत असे, डॉक्टरांसमोर पेलाभर पाणी पिऊन ते विनासायास उतरते ना हे दाखवत असे, आणि दुपारच्या गाडीने परतत असे. एका दिवसाची रजा, सुमारे एकशे दहा किलोमीटर जाणे, तेवढेच येणे. पहिली तीन वर्षे मी हे निष्ठेने केले आणि त्या तीन वर्षांत बँडने मला ३१ किलो दिले. मग माझे सर्जन दुसऱ्या शहरात गेले. त्या रुग्णालयात बँड भरणारे दुसरे कोणी उरले नाही, दूरध्वनीवर "पुढच्या आठवड्यात कळवतो" एवढेच उत्तर मिळत गेले, आणि माझे जाणे सुटले. कोणाचेही ज्ञान किंवा हेतू वाईट होते असे मला म्हणायचे नाही. पण माझ्या शरीरात बसवलेल्या एका उपकरणाची चावी एकाच माणसाच्या हातात होती आणि तो माणूस गेला तेव्हा मी एकटी पडले, हे मात्र खरे आहे. म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया ठरवताना सर्जनला पहिला प्रश्न हा विचारावा: तुम्ही इथे नसाल तेव्हा मला कोण पाहणार? त्या माणसाचे नाव कागदावर मिळाले तर बरे, आणि त्या माणसाला एकदा प्रत्यक्ष भेटता आले तर फारच बरे.

आता जेवणाचे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन आठवडे घोटलेले, मग मऊ, आणि सहाव्या आठवड्यानंतर नेहमीचे अन्न, असा साधारण क्रम असतो. नेमका क्रम तुमच्या केंद्राचा पाळावा. छापील पत्रकावर सूप आणि प्रथिनांची पावडर लिहिलेली असते; आमच्या घरात त्याच्या जोडीला मुगाचे कढण, गाळलेले वरण, पातळ ताक आणि नाचणीचे आंबील आले. खरी अडचण घट्ट अन्न सुरू झाल्यावर येते. ताजी, गरम, मऊ पोळी ही बँडची सर्वांत मोठी शत्रू, कारण चावताना तिचा गोळा होतो आणि तो गोळा कड्याच्या तोंडाशी बसतो. पाव, मोकळा न झालेला भात, साबुदाण्याची खिचडी, कोरडे चिकन, दोऱ्यांसकट शिजवलेली गवार, संत्र्याच्या फोडीचे पडदे, हे सगळे मी अडकवून पाहिले आहे. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, बारीक घास करून, वीस वेळा चावून खाल्ली की माझ्याकडून उतरत असे; दुसऱ्या कोणाकडून उतरेलच असे नाही. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. आयुष्यभर ताटाच्या उजवीकडे तांब्या-भांडे मांडण्याची सवय असलेल्या घरात हा नियम सर्वांत जड जातो.

घास अडकतो म्हणजे काय होते, हे आधी सांगून ठेवायला हवे, कारण पहिल्यांदा घडते तेव्हा माणूस घाबरून जातो. छातीच्या मध्यभागी दडपण येते, तोंडाला चिकट लाळ सुटते, ती गिळता येत नाही, डोळ्यांत पाणी येते आणि शेवटी घास तसाच्या तसा परत येतो. माझ्या बाबतीत हे प्रथम कोरेगावला एका लग्नात, पंगतीत घडले. मसालेभात अजून सुरूच होता तोवर मोठ्या नणंदबाई जिलेबीचे ताट घेऊन आल्या आणि "वहिनी, आमच्या हातची एक तरी," म्हणून त्यांनी दोन वाढल्या. त्यांच्या प्रेमाचा मान राखण्यासाठी मी घाईने घास घेतला आणि तिसऱ्या घासाला उठून मांडवामागे जावे लागले. परत आले तेव्हा पंगत उठली होती आणि माझ्या पानावर सगळ्यांची नजर होती. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे रूप आहे, आणि नकार देणे हा वाढणाऱ्याचा अपमान समजला जातो. पोटात बँड असलेल्या माणसाला हा नकार रोज द्यायला शिकावे लागते. मी पुढे एक मार्ग काढला. लग्नकार्याला गेल्यावर यजमानीणबाईंना आधीच बाजूला घेऊन सांगत असे, की माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, मला वाटीभर वरण आणि चमचा द्या, मी सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत बसते. एवढे सांगितल्यावर एकाही घरी मला वाईट अनुभव आला नाही.

अडकण्यापेक्षा धोकादायक गोष्ट मात्र उलट आहे, आणि तिच्याविषयी मला कोणी सावध केले नव्हते. बँड गरजेपेक्षा घट्ट झाला की माणूस कमी खाऊ लागतो असे नाही. जे उतरते ते खाऊ लागतो. भाकरी, उसळ, कोशिंबीर अडकते; श्रीखंड, आइस्क्रीम, चहात बुडवलेली बिस्किटे सहज घसरून जातात. २०१३ च्या सुमारास माझे दुपारचे जेवण म्हणजे चहा आणि सहा बिस्किटे असे झाले होते, आणि तरीही वजन वाढते कसे, असा प्रश्न मी स्वतःला विचारत होते. भूक पोटात असते तशी ती मनातही असते. कंटाळा, राग, एकटेपणा यांवर मी लहानपणापासून गोड खाऊन उतारा शोधत आले होते, आणि सिलिकॉनच्या कड्याला त्या भुकेशी काही देणेघेणे नव्हते. म्हणून शस्त्रक्रियेआधी समुपदेशकाकडे पाठवतात तेव्हा ती औपचारिकता समजू नका. रात्री उठून खाण्याची, खाऊन ओकण्याची किंवा लपून खाण्याची सवय असेल तर ती तिथे स्पष्ट सांगा. ती सांगितल्याने तुम्हाला परत पाठवतील असे मानू नका. आधी तिच्यावर उपचार करतील, आणि तेच हिताचे आहे.

२०१५ च्या पावसाळ्यात मला रात्रीचा खोकला सुरू झाला. तीन उशा घेऊन झोपले तरी आंबट पाणी घशाशी येत असे. आठ महिने मी ॲलर्जीची औषधे घेतली. गावातल्या डॉक्टरांना माझ्या पोटात बँड आहे हे मी सांगितलेच नव्हते, कारण मला त्याची लाज वाटत होती. शेवटी बेरियम पिऊन काढलेल्या एक्सरेत दिसले, की बँड जागचा सरकला आहे आणि वरची पिशवी फुगून लोंबते आहे. तेव्हा ज्यांच्या पोटात आजही बँड आहे त्यांना मी कळकळीने सांगते: रात्रीचा खोकला, छातीत जळजळ, झोपेत ठसका, किंवा पूर्वी उतरणारे अन्न अचानक न उतरणे, यांपैकी काहीही दिसले तर बँड तपासून घ्या, आणि प्रत्येक डॉक्टरांना, दातांच्यासुद्धा, तो असल्याचे सांगा. पाणी किंवा थुंकीही गिळता येईनाशी झाली, पोटात तीव्र कळा आल्या, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तिथे सर्वांत आधी बँडमधले पाणी काढून घेतात. उलट्या काही दिवस चालू असतील तर ब १ या जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि त्याचा आघात मेंदूवर व मज्जातंतूंवर होऊ शकतो. ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी ब १ द्यावे लागते, हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या.

शस्त्रक्रिया कोणासाठी, हा प्रश्न भाचीने आकड्यांत विचारला. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तिचा जवळजवळ ४२ आहे. १९९१ पासून चालत आलेला निकष ४० किंवा सोबत आजार असल्यास ३५ असा होता. २०२२ मध्ये या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी तो ३५, आणि मधुमेहासारखा आजार असल्यास ३० असा खाली आणला, आणि आशियाई लोकांसाठी साडेसत्तावीसपासूनच विचार व्हावा असे सुचवले. आपल्यासाठी वेगळा आकडा का, याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली फार बोलक्या रीतीने दिले. त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी आपले छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली शरीरे कमी वजनातही आतून चरबी साठवतात आणि मधुमेहाला लवकर बळी पडतात. भाचीची साखर आत्ताच वर आहे, आणि मधुमेहावर बँडपेक्षा स्लीव्हचा व बायपासचा परिणाम अधिक होतो, कारण त्या शस्त्रक्रियांमुळे भुकेची आणि साखरेची संप्रेरकेही बदलतात. बँड फक्त वरून दाब देतो. माझ्या मते तिच्या बाबतीत हा एकच मुद्दा पारडे झुकवायला पुरेसा आहे. २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही वजन कमी करणारी इंजेक्शनेही भारतात आली आहेत. तो मार्गही तिने डॉक्टरांशी बोलून समजून घ्यावा, फक्त ती थांबवल्यावर वजन परत येऊ लागते, हे लक्षात ठेवून.

पैशांविषयी थोडक्यात. आता विमा कंपन्यांच्या मेडिक्लेममध्ये बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असे काही असेल आणि इतर उपाय करून झाले असतील, तर ही शस्त्रक्रिया ग्राह्य धरण्याची तरतूद असते. प्रतीक्षाकाळ किती, हे मात्र आपल्या पॉलिसीत वाचून घ्यावे. डाएटचे, औषधांचे, आहारतज्ज्ञांच्या भेटींचे जुने कागद जपून ठेवा. नंतरच्या तपासण्या, एंडोस्कोपी, प्रवास, जीवनसत्त्वांची औषधे यांचा खर्च बहुतेक वेळा खिशातून जातो, तो आधीच बाजूला काढून ठेवा.

सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असे तिने मला विचारले, तेव्हा मी अडकलेल्या घासांचे नाव घेतले नाही. "ऑपरेशन करून बारीक झाल्या, त्यात काय एवढे," हे वाक्य मी स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला, भाजी मंडईत ऐकले. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा लोकांना निदान त्या शस्त्रक्रियेचे नाव कळले. पण राजकीय नेत्याला जी समजूत दाखवली गेली, ती हायस्कूलमधल्या बाईंच्या वाट्याला आली नाही. स्थूलपणा हा आळसाचा पुरावा आहे असे मानणाऱ्यांना मी आता स्वीडनमधल्या अभ्यासाविषयी सांगते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर स्थूल माणसांची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या तेवढ्याच माणसांशी केली गेली, आणि सरासरी जवळजवळ अकरा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. त्यांतल्या काहींना बँडच बसवलेले होते. उपचार घेणाऱ्या माणसाने मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

आणि आधार कोणाचा घ्यावा, तर तो बहुधा अनपेक्षित ठिकाणाहून येतो. माझ्या सासूबाई सुरुवातीला या शस्त्रक्रियेच्या पूर्ण विरोधात होत्या. देवाने दिलेल्या पोटाला फास कशाला लावतेस, असे त्या म्हणाल्या होत्या. पण मी घरी आले त्या दिवसापासून मुगाचे कढण त्यांनीच केले, आणि पुढे घट्ट जेवण सुरू झाल्यावर, इतर सगळ्यांची ताटे उचलून झाली तरी मला वाटीभर अन्नाला चाळीस मिनिटे लागत, तेवढा वेळ त्या माझ्यासमोर गहू निवडत बसून राहत. त्या काही बोलत नसत. त्या उठत नसत म्हणून मीही घाई करत नसे. पुण्याच्या केंद्रात महिन्यातून एकदा रुग्णांची बैठक होत असे, तिथे बारामतीहून येणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले होते, की त्यांच्या बायकोने घरातले सगळे चमचे बदलून लहान आणले. अशी माणसे तुमच्या घरात कोण आहेत, याचा विचार शस्त्रक्रियेच्या तारखेआधी करा, आणि कोणीच नसेल तर केंद्रातल्या आहारतज्ज्ञांना तसे मोकळेपणाने सांगा.

भाचीने या महिन्यात तीन सर्जनना भेटून त्यांना मी लिहून दिलेले प्रश्न विचारले. तिसऱ्या डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितले, की गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी एकही बँड बसवलेला नाही, काढले मात्र पुष्कळ आहेत. आणि त्यांच्या केंद्रात त्यांच्याखेरीज आणखी दोन सर्जन आहेत, त्यांच्याशी तिची तिथल्या तिथे ओळख करून दिली. तिने अजून होकार दिलेला नाही. येत्या गुरुवारी तिची एंडोस्कोपी आहे आणि त्यानंतर समुपदेशकांची पहिली भेट, आणि मी रजा टाकली आहे. काल रात्री बहिणीचा फोन आला. ठरलेले काहीच नसताना तिने मला मुगाच्या कढणाची कृती विचारली. मी सांगितले: मूग भाजून घे, चौपट पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत शिजव, हिंग-जिरे चालेल, मीठ बेताचे, आणि दोनदा गाळ, पहिल्यांदा चाळणीने आणि मग पंचाच्या फडक्यातून.